गाडीवरचा चिकन रोल घरच्या तव्यावर : चव तीच, पोटाला धोका कमी

बुटीबोरीच्या चौकात, एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळ झाली की शोरमा आणि कबाब रोलच्या गाड्या लागतात. दुसरी पाळी सुटली की कामगारांची गर्दी होते. पोरंही शिकवणीवरून येताना तिथेच थांबतात. घरी पाहुणे आले, वाढदिवस असला, पगार झाला की "आज रोल आणू" असं आपल्या वस्त्यांमध्ये सहज म्हटलं जातं. यात वाईट काही नाही. चांगलं खावंसं वाटणं हा काही गुन्हा नव्हे. पण गेल्या काही वर्षांत याच पदार्थामुळे माणसं दगावली, तीही कोवळ्या वयाची. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही दोन गोष्टी सांगणार आहोत. बाहेरच्या रोलमध्ये धोका नेमका कुठे असतो, हे आधी पाहू. मग तोच रोल घरच्या तव्यावर कमी खर्चात आणि निर्धास्तपणे कसा करायचा, ते पाहू. आपल्या समाजासाठी यात आणखी एक कारण आहे, ते म्हणजे सिकलसेल. त्याबद्दलही सविस्तर लिहिले आहे. तो भाग कृपया वगळू नका.

हा पदार्थ आला कुठून?

उभ्या सळईवर मांसाचे थर रचून ते विस्तवासमोर फिरवत भाजायचे आणि भाजलेला भाग सुरीने खरवडून भाकरीत गुंडाळायचा, ही पद्धत तुर्कस्तान आणि अरब देशांतली. 'शोरमा' हा शब्दच मुळात 'फिरवणे' या अर्थाच्या तुर्की शब्दावरून आला. आपल्याकडे कोलकात्यात पराठ्यात कबाब गुंडाळून काठी रोल झाला. मुंबईत १९६९ साली टिब्ज यांनी बैरूतमध्ये खाल्लेल्या रोलवरून 'फ्रँकी' सुरू केली. म्हणजे पोळीत मांस गुंडाळून उभ्या उभ्या खाणे ही कामाला जाणाऱ्या माणसाची सोय होती. आपल्या घरीही भाकरीवर सुकं मटण ठेवून, गुंडाळून शेतावर नेलंच जात होतं. तेव्हा हा पदार्थ परका मानून घाबरण्याचे कारण नाही. समजून घ्यायची आहे ती त्याची पद्धत.

काय घडले, ते आधी पाहू

मे २०२२ मध्ये केरळच्या कासरगोड जिल्ह्यात चेरुवत्तूर येथे शोरमा खाल्ल्यानंतर १६ वर्षांची मुलगी दगावली. अनेकांना रुग्णालयात ठेवावे लागले. तपासणीत शिगेला हा हगवणीचा जंतू आढळला. सप्टेंबर २०२३ मध्ये तामिळनाडूतील नामक्कल येथे १४ वर्षांची मुलगी अशीच गेली. मे २०२४ मध्ये तर हे आपल्या महाराष्ट्रातच घडले. मुंबईच्या मानखुर्द-ट्रॉम्बे भागात गाडीवरचा चिकन शोरमा खाल्ल्यानंतर १९ वर्षांचा तरुण मरण पावला आणि विक्रेत्यांना अटक झाली. ही सगळी तुमच्या-आमच्यासारख्या घरांतली लेकरं होती.

त्यानंतर सरकारं जागी झाली. कच्च्या अंड्यापासून केलेल्या मेयोनीजवर केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये बंदी घातली. कर्नाटकात कबाबचे ३९ नमुने तपासले, त्यांपैकी ८ मध्ये घातक कृत्रिम रंग सापडले. त्यामुळे जून २०२४ मध्ये तिथे चिकन आणि माशांच्या कबाबमध्ये कृत्रिम रंग घालण्यावर बंदी आली.

धोका नेमका कुठे असतो?

पहिला धोका सळईवरच्या मांसात. सळईवर चिकनचा जाड गोळा असतो. विस्तवाची आच बाहेरच्या थराला लागते, आतले मांस कच्चेच राहते. गिऱ्हाईक भराभर येत असेल तर मालक आच मोठी ठेवतो, बाहेरचा थर नीट भाजतो आणि मग खरवडतो. गिऱ्हाईक कमी असेल तर गॅस वाचवण्यासाठी आच बारीक करतो. मग आतले मांस तासन् तास कोमट राहते. कोमट मांस म्हणजे जंतूंची शेतीच. ५ अंश सेल्सिअसपेक्षा थंड किंवा ६० अंशांपेक्षा गरम असलेल्या अन्नात हे जंतू सहसा वाढत नाहीत. त्यामधल्या पट्ट्यात मात्र ते झपाट्याने वाढतात. पोषक वातावरणात एका जंतूचे दोन व्हायला सुमारे २० मिनिटे लागतात. हिशेब करून पाहा. एका जंतूचे तासाभरात ८ होतात, दोन तासांत ६४, चार तासांत ४ हजारांवर आणि सहा तासांत अडीच लाखांवर. नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या हवेत उघडे ठेवलेले मांस आणखी लवकर बिघडते.

दुसरा धोका पांढऱ्या चटणीत. मेयोनीज कच्चे अंडे आणि तेल घुसळून करतात, ते शिजवत नाहीत. अंड्यात साल्मोनेला जंतू असला तर तो तसाच जिवंत राहतो. सकाळी केलेले मेयोनीज रात्रीपर्यंत गाडीवर उघडे राहिले तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

तिसरा धोका हातात आणि सुरीत. कच्चे चिकन कापणारी सुरी, तीच पाटी, तोच फडका आणि त्याच हाताने चिरलेली कोबी. चिकन शिजते, कोबी शिजत नाही. कच्च्या मांसाचे जंतू कोबीवरून थेट पोटात जातात.

चौथा धोका उरलेल्या मालाचा. काल उरलेले मांस आज पुन्हा गरम केले की सगळे जंतू मरतात, असा अनेकांचा समज आहे. तो अर्धवट आहे. काही जंतू वाढताना अन्नात विष सोडतात. जंतू आचेने मरतात, पण त्यांचे विष उरते आणि तेच ओकारी आणते. म्हणून "चांगलं उकळून घेतलं होतं" एवढ्याने भागत नाही. किती वेळ बाहेर होतं, हेच महत्त्वाचं.

हे लिहिताना गाडीवाल्याला शत्रू ठरवण्याचा आमचा हेतू नाही. गाडी लावणारी पोरंही बहुतेक आपल्याच वस्त्यांतली. दिवसभर उभे राहून चार पैसे कमावतात. त्यांना पाणी, बर्फ आणि बसायची धड जागा मिळत नाही, हाही प्रश्न आहेच. खरवडलेले चिकन पुन्हा तव्यावर चांगले परतून देणे, मेयोनीजऐवजी दह्याची चटणी ठेवणे, कोबीसाठी वेगळी सुरी वापरणे आणि रात्री उरलेला माल फेकून देणे, एवढे चार नियम कुणी पाळले तरी खूप फरक पडतो. तुमच्या घरात कुणी गाडी लावत असेल तर हे पान त्याला वाचून दाखवा.

सिकलसेलच्या घरांसाठी खास सूचना

विदर्भात सिकलसेलचा आजार आदिवासी समाजात आणि अनुसूचित जातींत, त्यातही आपल्या समाजात, मोठ्या प्रमाणात आढळतो. प्रत्येक वस्तीत एखादे तरी घर असे असते, जिथे एखादे मूल हातपाय दुखतात म्हणून वारंवार रडते. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. वेदना त्यामुळेच होतात.

अन्नातून होणारी विषबाधा या मुलांना दुहेरी घातक ठरते. पहिले कारण पाण्याचे. जुलाब-ओकारीने अंगातले पाणी कमी झाले की पेशी आणखी वाकड्या होतात आणि दुखण्याचा झटका येतो. त्याला डॉक्टर 'क्रायसिस' म्हणतात. दुसरे कारण प्लीहेचे. डाव्या बरगडीखालची प्लीहा जंतूंशी लढण्यास मदत करते. सिकलसेलच्या रुग्णात ती लहानपणीच निकामी होऊ लागते. त्यामुळे साधा वाटणारा साल्मोनेला आतड्यातून रक्तात आणि रक्तातून हाडात पोहोचू शकतो. सिकलसेलच्या रुग्णांत हाडाला साल्मोनेलाचा संसर्ग होतो, हे वैद्यकशास्त्रात चांगले माहीत असलेले सत्य आहे. जे अन्न शेजारच्या पोराला दोन दिवसांचे जुलाब देईल, तेच अन्न सिकलसेलच्या पोराला महिनाभर रुग्णालयात ठेवू शकते.

म्हणून सिकलसेलग्रस्त मुलाला गाडीवरचा शोरमा, कच्च्या अंड्याचे मेयोनीज आणि अर्धेकच्चे अंडे देऊ नका. पण बाकीच्या भावंडांना रोल आणि त्याला मात्र खिचडी, असेही करू नका. त्याचे मन दुखते, आणि मग ते चोरून खाते. पुढे दिलेला घरचा रोल करा आणि सगळ्यांना सारखाच वाढा.

अशा मुलाला जुलाब लागले तर घरी दोन दिवस वाट पाहू नका. पाणी आणि ओआरएस लगेच सुरू करा. ताप १०१ फॅरनहाइटच्या वर गेला, हाडे दुखू लागली किंवा मूल गळून गेले तर तडक रुग्णालय गाठा. तिथे पोहोचताच "मुलाला सिकलसेल आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. हा साधा अशक्तपणा नाही, आणि वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या अंगात लोह आधीच जास्त साचलेले असू शकते.

ज्यांनी अजून तपासणी केली नाही त्यांनी ती करून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी ठरलेली आहे. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा. लग्न जुळवण्याआधी मुलाची आणि मुलीची दोघांचीही तपासणी व्हावी, हे आम्ही या पानावरून पुन्हा सांगतो. वाहक असणे हा आजार नाही, त्यात लपवण्यासारखेही काही नाही. पण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते.

घरचा चिकन रोल : साहित्य

आठ रोल होतील, चार माणसांना पोटभर.

चिकनसाठी : बिनहाडाचे चिकन अर्धा किलो (मांडीचा भाग घ्या, छातीचे मांस लवकर कोरडे पडते), घट्ट दही ४ मोठे चमचे, अद्रक-लसणाची पेस्ट १ मोठा चमचा, तिखट १ चमचा, हळद अर्धा चमचा, धने-जिरे पूड १ चमचा, गरम मसाला अर्धा चमचा, एका लिंबाचा रस, मीठ १ सपाट चमचा, तेल २ मोठे चमचे.

पोळीसाठी : कणीक ३ वाट्या, मीठ अर्धा चमचा, तेल १ मोठा चमचा, कोमट पाणी.

पांढऱ्या चटणीसाठी : दही १ वाटी, भाजलेले तीळ २ मोठे चमचे, लसणाच्या ४ पाकळ्या, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ पाव चमचा.

आत भरायला : कांदा २, काकडी १, गाजर १, कोबी एक वाटीभर, सांभार, लिंबू किंवा व्हिनेगर.

चार रोल गाडीवरून आणण्याच्या पैशांत घरी हे आठ रोल होतात आणि वर काही उरतेही. एका रोलमधून सुमारे १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळतात. साधारण वजनाच्या पुरुषाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम आणि बाईला ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे दोन रोलमध्ये बाईची बरीचशी गरज भागते. आपल्या घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर बायकांच्या ताटात रस्साच उरतो, हे बदलायचे असेल तर रोल हा चांगला उपाय आहे. तो मोजून होतो. आठ रोल, चार माणसे, प्रत्येकी दोन.

कृती

चिकन आणणे : बाजारात बाकीची खरेदी आधी करा, चिकन सर्वांत शेवटी घ्या. डोळ्यांसमोर कापून घ्या आणि थेट घरी या. उन्हाळ्यात तासाभराच्या आत ते फ्रिजमध्ये किंवा तव्यावर गेले पाहिजे. फ्रिज नसेल तर ज्या वेळी रांधायचे त्याच वेळी आणा.

धुणे : नळाच्या धारेखाली चिकन धुतले की शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर आणि भाजीवर उडतात. त्यासोबत जंतूही उडतात. धुतल्याने जंतू जात नाहीत, शिजवल्याने जातात. तरीही धुवायचेच असेल तर खोल गंजात चिकन ठेवा, हळूच पाणी ओता, हलक्या हाताने धुवा आणि ते पाणी मोरीत ओता. मग मोरी, गंज आणि हात साबणाने धुवा. अगोदर भाजी चिरून झाकून ठेवा, मगच चिकनला हात लावा.

कापणे आणि मुरवणे : चिकनचे बोटाएवढे लांब आणि अर्ध्या बोटाएवढे जाड तुकडे करा. ही पायरी महत्त्वाची. तुकडा पातळ असला की तो आतपर्यंत शिजतो. सळईवरच्या गोळ्याचा दोष इथेच संपतो. सगळा मसाला चोळून झाकून ठेवा. फ्रिज असेल तर दोन ते सहा तास ठेवा. नसेल तर अर्ध्या तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. दही आणि लिंबू अर्ध्या तासातही पुरेसे काम करतात.

पांढरी चटणी : दही स्वच्छ फडक्यात बांधून अर्धा-पाऊण तास टांगून ठेवा, पाणी निथळून जाईल. भाजलेले तीळ आणि लसूण बारीक वाटा. त्यात चक्का, लिंबू आणि मीठ घालून घोटा. अरब देशांतही शोरम्यावर तिळाचीच चटणी घालतात, त्यामुळे चव अगदी जमते. तीळ नसतील तर भाजलेले जवस किंवा शेंगदाणे चालतात. मेयोनीजची आठवणही येणार नाही. करून झाल्यावर चटणी झाकून थंड जागी ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

भाज्या : काकडी, गाजर आणि कांदा उभे पातळ चिरा. चिमूटभर मीठ आणि लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून मुरू द्या. रोलमधली आंबट चव यातूनच येते. कोबीची वरची दोन-तीन पाने काढून टाका, पाने सुटी करा आणि प्यायच्या पाण्याने धुवा. पाण्याची खात्री नसेल, पावसाळ्यात पाणी गढूळ येत असेल तर कच्ची कोबी वगळा किंवा तव्यावर दोन मिनिटे परतून घ्या.

पोळ्या : कणीक मऊ मळून २० मिनिटे झाकून ठेवा. आठ गोळे करा. पोळी नेहमीपेक्षा मोठी आणि पातळ लाटा. तव्यावर दोन्ही बाजूंनी शेका, पण कडक होऊ देऊ नका. उतरवली की लगेच फडक्यात गुंडाळा, म्हणजे वाफेने मऊ राहते आणि गुंडाळताना फाटत नाही. बाहेरचा मैद्याचा पराठा तेलात तळलेला असतो. कणकेची पोळी मधुमेहाच्या माणसालाही त्यापेक्षा बरी.

चिकन भाजणे : लोखंडी तवा चांगला तापू द्या. चिकन दोन घाण्यांत भाजा. सगळे एकदम टाकले की पाणी सुटते, चिकन भाजण्याऐवजी उकडते आणि गाडीची चव येत नाही. तुकडे एका थरात पसरा. चार मिनिटे हात लावू नका, खालून लालसर होऊ द्या. मग सराट्याने उलटा आणि चार मिनिटे झाकण ठेवा. झाकण काढून मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटे परतून पाणी आटवा, कडा खरपूस होऊ द्या.

शिजले का, हे रंगावरून ठरवू नका. मसाल्याचा रंग फसवतो. सर्वांत जाड तुकडा मधोमध कापून पाहा. आत गुलाबी दिसता कामा नये आणि निघणारा रस पांढरट, स्वच्छ असावा. शास्त्रानुसार मांसाच्या आत ७४ अंश सेल्सिअस तापमान व्हायला हवे. बोटाएवढा तुकडा दहा-बारा मिनिटे नीट भाजला की ते होते.

धुराची चव हवी असेल तर : शिजलेल्या चिकनमध्ये छोटी स्टीलची वाटी ठेवा. तिच्यात पेटता कोळसा ठेवून वर दोन थेंब तेल टाका आणि दोन मिनिटे झाकून ठेवा. दारे-खिडक्या उघड्या ठेवून करा आणि कोळसा लगेच बाहेर नेऊन विझवा. बंद खोलीत कोळसा जळत ठेवणे जिवावर बेतू शकते.

गुंडाळणे : पोळीवर चटणी पसरा, मधोमध चिकन, त्यावर मुरलेल्या भाज्या आणि सांभार. खालचा भाग आत दुमडा आणि दोन्ही बाजूंनी घट्ट गुंडाळा. हवा तर रोल तव्यावर पुन्हा अर्धा मिनिट दाबून शेका. वर्तमानपत्रात मात्र गुंडाळू नका. शाईतली रसायने गरम आणि तेलकट अन्नात उतरतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये याबद्दल इशारा दिला आहे. बटर पेपर घ्या किंवा सरळ ताटलीत वाढा.

लाल रंग घालण्याची गरज नाही. लाल भडक रोल म्हणजे चांगला रोल, ही सवय आपल्या डोळ्यांना बाजाराने लावली. थोडी हळद आणि थोडे जास्त तिखट घातले तरी रंग पुरेसा येतो.

चिकन नसेल तेव्हा

सोयाबीन हे आपल्या विदर्भाचेच पीक. सोयाबीनच्या १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. वड्या गरम पाण्यात १५ मिनिटे भिजवून घट्ट पिळा, पाणी फेका, अर्ध्या कापा आणि वरचाच मसाला लावून तव्यावर खरपूस परता. अर्ध्या किलो चिकनऐवजी २०० ग्रॅम वड्या पुरतात. पोरांना फरक लवकर कळत नाही.

अंडा रोल सर्वांत सोपा. तव्यावर फेटलेले अंडे पसरा, त्यावर शेकलेली पोळी ठेवून दाबा, उलटा, वर कांदा आणि चटणी घाला. अंडे पूर्ण घट्ट झाले पाहिजे, ओलसर नको. हरभऱ्याची डाळ किंवा मसूर शिजवून, वाटून, कांदा-अद्रक घालून चपट्या टिकिया केल्या तर पूर्ण शाकाहारी कबाबही होतो. पौर्णिमेला उपोसथ पाळणाऱ्या उपासक-उपासिकांसाठी किंवा वर्षावासात मांसाहार सोडणाऱ्या घरांसाठी तो सोयीचा आहे.

डब्यात नेता येईल का?

एमआयडीसीत काम करणाऱ्या बांधवांच्या घरून हा प्रश्न हमखास येतो. उत्तर सरळ आहे. शिजवलेले चिकन बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि उन्हाळ्यात एका तासापेक्षा जास्त नाही. दुपारी घरून निघालेला डबा रात्री आठला उघडणार असेल तर त्यात चिकन रोल, अंडा रोल किंवा दह्याची चटणी नको. कंपनीत फ्रिज आणि गरम करायची सोय असेल तरच न्या. नसेल तर पोळी, सुकी भाजी, जवसाची चटणी, फुटाणे आणि कांदा असा डबा द्या. रोल सुटीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून गरम गरम खावा.

आपल्या आज्या-पणज्यांना हे तापमानाचे गणित कुणी शिकवले नव्हते, पण मांस किती वेळ टिकते हे त्या जाणत होत्या. जे ताजे खाऊन संपत नसे त्याच्या लांब पट्ट्या कापून, कडक उन्हात वाळवून चान्या करायच्या. वाळल्यावर ओल राहत नाही आणि ओल नाही तर जंतू वाढत नाहीत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांच्या अशा स्वयंपाकाची नोंद केली आहे. गरिबीतून आलेले ते शहाणपण होते. ओले मांस दिवसभर उन्हाच्या हवेत ठेवून विकणे हे त्या शहाणपणाच्या अगदी उलट आहे.

पोट बिघडलेच तर

बाहेरचे खाल्ल्यावर काही तासांत ओकाऱ्या किंवा एक-दोन दिवसांत जुलाब, पोटात मुरडा आणि ताप आला तर "नजर लागली" म्हणून मीठ-मिरच्या ओवाळत बसू नका. त्यात जाणारा वेळ मुलाला महाग पडतो.

पहिले काम पाणी भरून काढणे. ओआरएसचे पाकीट आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण मिसळा. थोडे थोडे मिसळू नका, प्रमाण बिघडते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मुलाला चमच्याचमच्याने पाजा. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करा. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नका. जुलाब थांबवणारी गोळी दुकानातून आणून मुलांना देऊ नका, तिने जंतू आतच राहतात.

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर थेट दवाखाना : शौचात रक्त, न थांबणारी ओकारी, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, मूल सुस्त, जास्त ताप. लहान बाळ, गरोदर बाई, वृद्ध आणि सिकलसेलचा रुग्ण यांच्या बाबतीत लक्षणांची वाट पाहू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवा. गंभीर रुग्णाला बुटीबोरीहून नागपूरला नेताना वर्धा रोडवर मिहानमधले एम्स आधी लागते, पुढे शहरात मेडिकल आहे.

एकाच गाडीवर खाऊन दोन-चार जण आजारी पडले असतील तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या मोफत क्रमांकावर कळवा. उरलेले अन्न फेकू नका, झाकून थंड जागी वेगळे ठेवा. तपासणीला तेच लागते. तक्रार करणे म्हणजे कुणाच्या पोटावर पाय देणे नव्हे. पुढच्या घरातले मूल वाचवणे आहे.

कापून स्वयंपाकघरात लावा

१. चिकन शेवटी घ्या, त्याच दिवशी शिजवा.
२. भाजी आधी चिरा, चिकन नंतर. मध्ये हात, सुरी आणि पाट साबणाने धुवा.
३. तुकडे पातळ, दोन घाणे, आत गुलाबी नको.
४. मेयोनीज नाही, दही-तिळाची चटणी.
५. रंग नाही, वर्तमानपत्र नाही.
६. शिजलेले चिकन उन्हाळ्यात एक तास, इतर वेळी दोन तास. त्यानंतर फ्रिज, नाहीतर फेका.
७. घरी सिकलसेल असेल तर बाहेरचा शोरमा बंद, घरचा रोल सगळ्यांना सारखा.
८. जुलाब लागले की आधी ओआरएस, मग दवाखाना.